गुडघाभर पाणी

"आधी एक सांग. दादा खोटं बोलतोय असं तुला वाटतं का?" मायाने विचारलं.

राजरत्न एकविसाव्या मजल्याच्या जिन्यात, पायरीवर बसला होता. बडबडीत त्याचा हात धरेल असा माणूस अख्ख्या टॉवरमध्ये नव्हता, पण आज तो नखाने पायरीचा कोपरा खरवडत होता.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "पण सगळे तेच विचारतायत ना. गुडघाभर पाण्यात कोण बुडतं?"

कालपासून हा प्रश्न विचारला नाही असा माणूस उरला नव्हता. मायाचा मोठा भाऊ अजित दादरच्या चौपाटीवर कंत्राटी जीवरक्षक होता. काल सकाळी साडेदहाच्या सुमाराला, चांगली ओहोटी असताना, संघर्ष नावाचा नऊ वर्षांचा मुलगा तिथे बुडाला. शिवडीचा पोरगा, सुट्टीत मावशीबरोबर समुद्रावर आला होता. चेंडूमागे पाण्यात गेला. पाणी त्याच्या कमरेलाही लागत नव्हतं आणि बघता बघता तो दिसेनासा झाला. अजित धावत गेला. पुढचं पाऊल टाकलं आणि पायाखाली जमीनच नव्हती, असं तो सांगत होता. त्याने मुलाला बाहेर काढलं, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, मोबाइलवरून ॲम्ब्युलन्स बोलावली. पण हॉस्पिटल येईपर्यंत संघर्ष गेला होता.

काठावरच्या कुणीतरी व्हिडिओ काढला होता. त्यात अजितच्या कानाला मोबाइल दिसत होता. झालं, लोकांना तेवढं पुरलं. रात्रीपर्यंत 'मोबाइलवर गप्पा मारणारा जीवरक्षक' म्हणून तो सगळ्या मुंबईला माहीत झाला आणि कंत्राटदाराने त्याला घरी बसवलं. आज सकाळी चौकशीचे साहेब ओहोटीची वेळ साधून चौपाटीवर जाऊन आले. कोरड्या वाळूवर उभं राहून त्यांनी समुद्राकडे पाहिलं, सपाट किनारा, खड्डा वगैरे नाही, असं लिहिलं आणि ते निघून गेले. पाण्यात उतरून बूट ओले कोण करणार?

"जेवला का तो?" राजरत्नने विचारलं.

"आई ताट ठेवते, आई ताट उचलते. खिडकीला पडदा लावून भिंतीकडे तोंड करून पडलाय. समुद्र बघायचा नाही म्हणतो."

बीडीडी चाळीतल्या एका खोलीतून ते या नव्या घरात आले, तेव्हा याच खिडकीपाशी बसायला भावाबहिणीची भांडणं व्हायची. मायाला ते आठवलं आणि रडू आलं. ते तिने गिळलं.

"चल," राजरत्न उठला. "साहेबांनी वरून बघितलं. आपण खालून बघू. कालिंदीला बोलव, तिला समुद्रातलं कळतं."

कालिंदी त्यांच्याच वर्गातली, वरळी कोळीवाड्यातली. तिचे बाबा रामजी यांची छोटी होडी होती. मोजकं बोलायचं आणि बोललं की खरं बोलायचं, अशी तिची रीत. ती बस स्टॉपवर भेटली, मायाचा हात तिने एकदा घट्ट दाबला आणि तिघं दादरला निघाली.

चौपाटीवर एक नवलच उभं राहिलं होतं. 'आरामकिनारा' अशी मोठी पाटी. तिच्याखाली 'सुट्टीत गोव्याला कशाला? दादरलाच या!' दोरी बांधून अर्धा किनारा अडवलेला. आत पांढऱ्या छत्र्या, आडवं पडायच्या खुर्च्या, टांगलेले झोके, नारळपाणी. मुलांसाठी तीन दिवसांचं शिबिर उद्यापासून सुरू व्हायचं होतं. आणि वाळू तर अशी की दादरकरांनी दादरला कधी पाहिली नसेल. बारीक, स्वच्छ, हातभर जाडीची. ही खास कोकणातून आणली आहे, असं पाटीवर लिहिलं होतं.

एक पहारेकरी फवारणीचा पंप घेऊन त्या वाळूवर गुलाबाचं अत्तर मारत होता.

"वाळूला अत्तर?" राजरत्न म्हणाला. "आमच्याकडे पाहुण्यांनाही कुणी मारत नाही."

दोरीपलीकडे एक चष्मेवाला मुलगा खुर्चीत नाक दाबून बसला होता. तो हसला. "वास घे, म्हणजे कळेल. वर गुलाब आणि खाली काहीतरी मेलेलं. दोन्ही मिळून भयंकर."

त्याचं नाव अभिषेक. गिरगावातल्या फणसवाडीत राहायचा. त्याची आई अनुजा शिबिरात त्याचं नाव घालायला आली होती आणि फॉर्मच्या रांगेत उभी होती.

"जरा उकरून बघतोस?" कालिंदीने त्याला विचारलं.

अभिषेकने हाताने वाळू बाजूला केली. कोपरापर्यंत हात गेल्यावर त्याने मूठ भरून काहीतरी काढलं, तोंड वाकडं केलं आणि ते दोरीखालून पुढे सरकवलं. जोडशिंपले होते. कालिंदीने एक फोडला, हुंगला आणि तिचा चेहरा बदलला.

"तिसऱ्या आहेत. आत मांस आहे, सडलेलं. म्हणजे वाळू उचलली तेव्हा या जिवंत होत्या."

"मग?" मायाने विचारलं.

"तिसऱ्या इतक्या वर राहत नाहीत. खाली, पाण्याच्या कडेला, ओल्या वाळूत राहतात. आणि कोकणातून वाळू आणायची तर कुणी त्यांच्यासकट आणेल का? ही इथलीच आहे. खालून काढून वर पसरली."

माया चैत्यभूमीच्या दिशेने वळली. तिला बुद्धपौर्णिमेची संध्याकाळ आठवली. सगळं घर चैत्यभूमीला आलं होतं. मेणबत्ती लावून ती कठड्यापाशी उभी होती आणि दूर, अगदी पाण्याजवळ, एक जेसीबी वाळू उचलून डंपरमध्ये टाकत होता. साफसफाई चालली असेल असं तिला वाटलं होतं. त्यानंतर ती आइस्क्रीम खायला गेली आणि विसरली.

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "आठवडाभर मला ठाऊक होतं. मी कुणाला बोलले असते तर तो मुलगा..."

"तुला काय ठाऊक होतं? जेसीबी होता एवढंच ना?" राजरत्न पटकन म्हणाला. "मी पण जेसीबी बघत उभा राहतो. सगळे राहतात."

पण मायाचं समाधान झालं नाही, आणि व्हायचं कारणही नव्हतं.

"थांब," कालिंदी वाळूवर बोटाने आकडे काढत होती. "तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचला ओहोटी. तेव्हाच खणलं त्यांनी. पौर्णिमेला उधाण असतं, पाणी वर खूप चढतं आणि खालीही खूप उतरतं. त्या ओहोटीला लांबपर्यंत वाळू उघडी पडते."

"पण साहेबही ओहोटीलाच आले होते," अभिषेक म्हणाला. आता तो दोरीखालून अलीकडे आला होता.

"आज सप्तमी. भांग चाललाय. भांगात पाणी धड वर चढत नाही, धड खाली उतरत नाही. पौर्णिमेला जी वाळू उघडी होती, तिच्यावर आज ओहोटीलाही गुडघाभर पाणी असतं. साहेबांनी ओहोटी बघितली, तिथी नाही बघितली. खड्डा त्या पाण्याखाली आहे."

दादा खरं बोलत होता. मायाला एकदम हलकं वाटलं आणि लगेच तितकीच भीती वाटली.

"मग दिसणार कधी?"

"अमावास्येच्या उधाणात. अजून आठवड्याने. तोवर समुद्राने बुजवला नाही तर."

अभिषेकने खिशातून शिबिराचं पत्रक काढलं. "उद्या साडेअकराला आमची पाण्यातून धावायची शर्यत आहे. चाळीस मुलं. हे बघ काय छापलंय. 'ओहोटीची वेळ, गुडघाभर पाणी, संपूर्ण सुरक्षित.'"

'आरामकिनारा'चे मालक शशिकांत सर पांढरी टोपी घालून झोक्यांची उंची बघत होते. माया थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. त्यांनी हसतमुखाने ऐकून घेतलं. असे लोक ऐकताना नेहमी हसतमुख असतात.

"तू त्या अजितची बहीण ना?"

"हो."

"बाळ, भावाची चूक झाकायला दुसऱ्याच्या धंद्यावर चिखल उडवू नये. ओहोटीची वेळ मी स्वतः मोबाइलवर बघितलीय. उद्या भर दुपारी बाराला. याहून सुरक्षित वेळ नाही."

"सर, तुम्ही वाळू कुठून आणली?"

हसू गेलं. "वॉचमन, या पोरांना बाहेर काढ."

अभिषेक आईकडे गेला. अनुजाने ऐकून घेतलं, पण आधी नीट माहिती काढू, उगाच कुणावर आरोप नको, असं ती म्हणाली. मोठ्यांना आधी माहिती काढायची असते. शर्यत मात्र उद्याच होती.

कोळीवाड्यात रामजीकाका जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर न करताच ऐकलं.

"पोरांच्या नादाने मी होडी काढू? डिझेल काय तुमचा आजा देणार?"

"काका, माझा दादा तिथे उतरला होता," माया म्हणाली. "तो म्हणतो जमीनच नव्हती. कुणी खरं मानत नाही. तुम्हीही मानू नका. फक्त बांबू टाकून बघा. नसेल खड्डा तर मी स्वतः सगळ्यांना सांगेन की दादा खोटं बोलला."

रामजीकाकांचा हात थांबला.

"उद्या अष्टमी," ते म्हणाले. "साडेदहाला निघू. पाण्यात कुणी उतरायचं नाय. उतरला तर मी कान उपटीन."

शनिवारी ऊन रणरणत होतं. किनाऱ्यावर गाणी लागली होती, आईवडील खुर्च्यांत आडवे झाले होते आणि चाळीस मुलं रंगीत टोप्या घालून ओळीत उभी होती. दोन दिवसांपूर्वी त्याच जागी एक मूल गेलं, याची कुठे खूणही नव्हती. ते गेलंच नसावं, असं सगळं चाललं होतं. मायाला या सगळ्याचा राग आला.

होडी उथळ पाण्यातून हळूहळू पुढे सरकत होती. माया लांब बांबू खाली टाकत होती, राजरत्न ओरडून सांगत होता आणि रामजीकाका वल्ह्याने होडी सावरत होते.

"गुडघा. गुडघा. मांडी. गुडघा."

"डावीकडे घ्या काका," माया म्हणाली. "त्या दिवशी चैत्यभूमीच्या कठड्यापासून जेसीबी अजून डावीकडे दिसला होता."

"गुडघा," राजरत्न म्हणाला. "गुडघा..."

बांबू खाली गेला आणि जातच राहिला. मायाचा तोल गेला. रामजीकाकांनी तिचा दंड पकडला नसता तर तीही बांबूच्या मागोमाग गेली असती. वरून मात्र पाणी जसंच्या तसं होतं. गढूळ, शांत, काठापर्यंत एकसारखं.

"दोन पुरुष खोल," रामजीकाका हलक्या आवाजात म्हणाले. "कालिंदे, जाळं सोड."

खड्ड्याच्या अलीकडे त्यांनी दोन बांबू रोवले आणि मध्ये जुनं जाळं ताणायला घेतलं. तेवढ्यात किनाऱ्यावरची गाणी बंद पडली. माइकची वायर कुणीतरी उपटली होती. ती कुणी उपटली हे चष्म्याआडून बघणाऱ्या एकालाच माहीत होतं. शशिकांत सर पाच मिनिटं वायरमनवर खेकसत राहिले, मग म्हणाले, "माइकशिवाय अडतंय का? एक, दोन, तीन, पळा!"

मुलं किंचाळत पाण्यात घुसली. कालिंदीने शेवटची गाठ मारली. पहिली मुलगी जाळ्यावर येऊन आदळली, तिच्यामागून दुसरा, मग सगळीच. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला आणि ती जाळ्याला लोंबकळून हसू लागली. जाळ्यापलीकडे चार हातांवर तो खड्डा होता.

"मागे जा," माया होडीतून ओरडत होती. "सगळे मागे जा. इथे खोल आहे."

आईवडील खुर्च्यांतून उठले. शशिकांत सर पँट दुमडून तरातरा पाण्यात आले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"हा काय तमाशा आहे? कोळ्या, तुझं जाळं उचल. पालकहो, घाबरू नका. मी स्वतः जाऊन दाखवतो. हे बघा, गुडघाभर."

त्यांनी जाळं वर उचललं आणि त्याखालून पलीकडे गेले.

"सर, पुढे येऊ नका," माया म्हणाली. "पाया पडते."

"गुडघाभर," सर किनाऱ्याकडे तोंड करून म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले. दुसऱ्या पावलाला ते नाहीसे झाले. पांढरी टोपी पाण्यावर राहिली.

मायाच्या हातात बांबू होता. ती अगदी जवळ होती. आणि त्या एका क्षणी तिच्या मनात आलं, राहू दे. संघर्ष असाच गेला. हाही जाऊ दे. हे तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही. मीही सांगितलं नसतं, पण अशा गोष्टीत खोटं मिसळलं की बाकीचंही खोटं वाटायला लागतं.

मग पाण्यातून एक हात वर आला आणि त्या हाताकडे पाहून तिने बांबू पुढे केला. "धरा," ती ओरडली. "सर, धरा."

हाताने बांबू धरला. रामजीकाकांनी आणि राजरत्नने जीव खाऊन ओढलं. शशिकांत सर होडीत येऊन पडले, खारं पाणी ओकले आणि थरथर कापत म्हणाले, "खाली जमीनच नव्हती."

अनुजा तोवर पाण्यात जाळ्यापर्यंत आली होती. एका हातात अभिषेकचा हात होता, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर व्हिडिओ सुरू होता.

"परत सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि ती वाळू कुठून काढली, तेही सांगा."

अमावास्येच्या ओहोटीला समुद्र लांब आत गेला आणि खड्डा उघडा पडला. एखादी खोली मावेल एवढा होता तो, पाण्याने तुडुंब भरलेला. या वेळी साहेबांनी बूट काढले. डंपरच्या ड्रायव्हरने जबाब दिला, शशिकांत सरांवर गुन्हा दाखल झाला. व्हिडिओतला अजित ॲम्ब्युलन्सला फोन करत होता, हे फोनच्या नोंदीवरून सिद्ध झालं. ज्यांनी तो व्हिडिओ पसरवला होता त्यांच्यातल्या दोनचार जणांनी माफी मागितली, बाकीचे दुसऱ्या कुठल्यातरी व्हिडिओकडे वळले होते. कंत्राटदाराने अजितला कामावर परत बोलावलं.

रविवारी टॉवरच्या हॉलमध्ये मुलांचा सत्कार झाला. रहिवासी मंडळाचे अध्यक्ष रामदासकाका बोलायला उभे राहिले. "साहेबांना भरती-ओहोटी शिकवणारी पोरं आपल्यात आहेत," ते म्हणाले. "शिका, असं आपल्याला सांगितलं गेलं. यांनी शिकून चाळीस लेकरं वाचवली." टाळ्या पडल्या. चौघांना पुस्तकं आणि पुष्पगुच्छ मिळाले. रामजीकाकांना बोलायला सांगितलं तर ते "डिझेल मिळालं नाय अजून," एवढंच म्हणाले आणि लोक हसले. माया हसली नाही. अजितदादा आला नव्हता.

ती घरी आली तेव्हा तो तसाच पडून होता.

"आता तरी ऊठ," ती चिडून म्हणाली. "सगळ्यांना कळलंय तुझी चूक नव्हती म्हणून."

"ते मला माहीतच होतं, माया," तो म्हणाला. "पोरगं गेलंच ना."

ती त्याच्या पायाशी बसून राहिली.

दारावरची बेल वाजली. दारात एक बाई उभी होती. साधी साडी, दमलेला चेहरा.

"जय भीम," ती म्हणाली. "अजित इथंच राहतात का? मी कौसल्या. संघर्षची आई."

अजित उठून उभा राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. आईने खुर्ची पुढे केली, पण कौसल्या बसली नाही.

"मी तुम्हाला खूप शिव्या दिल्या," ती म्हणाली. "तो व्हिडिओ बघून. आता कळलं सगळं. मला एकच विचारायचंय. पाण्यात तो एकटा होता का?"

अजितने स्वतःचा उजवा तळवा उघडून पाहिला. माया त्याच्याकडे बघत राहिली.

"नाही," तो अखेर म्हणाला. "माझा हात लागला तेव्हा त्याने धरला. घट्ट धरला. किनाऱ्यावर आणेपर्यंत सोडला नव्हता."

कौसल्याने डोळे मिटले. मग ती खुर्चीत बसली. आईने दिलेला चहा अर्धा पिऊन तिने कप खाली ठेवला.

"तुमच्या जागेवर आता कोण असतं?"

"कुणी नाही. अजून कुणाला घेतलं नाही."

"सुट्टी अजून महिनाभर आहे," ती म्हणाली. "पोरं येणारच पाण्यात. त्यांना काय कळतंय. तुम्ही जा."

कौसल्याला लिफ्टची सवय नव्हती, म्हणून माया तिच्याबरोबर खालपर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला चौपाटीवर दोन मुलं कमरेच्या पुढे गेली, तेव्हा जोरात शिट्टी वाजली. ती कुरकुरत मागे फिरली. त्यांतल्या एकाने किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला पाठीमागून वेडावून दाखवलं. अजितने ते पाहिलं, पण दोघं पूर्ण बाहेर येईपर्यंत त्याने पाण्यावरची नजर काढली नाही.